सायलीचा ताबा

जिल्हा न्यायालयाच्या व्हरांड्यात भारती वारसाच्या दाखल्यासाठी सकाळपासून ताटकळली होती. त्याच बाकावर दोन म्हातारी माणसं बसली होती. श्रीगोंद्याचे गहिनीनाथ आणि अकोले गावच्या ठकूबाई. नऊ वर्षांच्या पोरक्या सायलीचे हे आजोबा, म्हणजे तिच्या वडिलांचे, सुनीलचे वडील, अन् ही आईकडची आजी. पालक कोणी व्हायचं, यावरून दोघांचं कोर्टात चाललं होतं, हे भारतीला त्यांच्या बोलण्यातूनच कळलं.

“विहीनबाई, कधी निगालता?”

“पाचच्या यष्टीनं. आता न्हाई सोसत हे येनं-जानं.”

“ही सातवी तारीख. मी आज अर्ज मागं घेतोय.”

“का वो? कुनी काय बोललं का?”

“न्हाई. सुनीलची आई आता अंथरुनावरच असती. पोर माज्याकडं आली, तर तिचं सगळं पोरीलाच करावं लागंल.”

“मंग अर्ज तरी कशाला केलता?”

“ल्योक गेला, सून गेली. वाटलं, त्यांचं कुनीतरी घरात फिरतं ऱ्हावं.”

“माजीबी लेकच गेली की, इव्हाई.”

“व्हय. सुट्टीत धाडाल ना तिला?”

“मीच घेऊन येईन.”

“आन् शाळेत नाव?”

“सुनीलचंच ऱ्हाईल. दुसरं कुनाचं लावनार?”

शिपायानं पुकारा केला. गहिनीनाथांना गुडघ्यांमुळं उठवेना. ठकूबाईंनी त्यांना दंडाला धरून उभं केलं आणि दोघं सावकाश आत गेली. त्यांच्या पिशव्या बाकावरच राहिल्या होत्या. भारतीनं त्या आपल्याजवळ ओढून घेतल्या.