घड्याळाखालची टाळी

(मैदानाच्या वरच्या मजल्यावरची आवाजाची खोली. काचेपलीकडे कसोटीचा शेवटचा दिवस, चहापानानंतरचा खेळ. खोलीत दादा आणि त्याची धाकटी बहीण. पुढे वॉकीटॉकीवर गेटवाले काका.)

धाकटी : ...म्हणून म्हटलं, शाळेतून घरी आले तशीच इकडं यावं. डबी तेवढी त्यांच्या हातात द्यायची आणि निघायचं. कुठं बसलेत ते सांग, मी जाते.

दादा : दार लाव आधी. आणि ओव्हर संपू दे.

धाकटी : लावलं दार. तू पण ना, अगदी बाबांसारखा. ओव्हर संपू दे, मग बोल. घराला आग लागली तरी ओव्हर संपू दे.

दादा : हं. बोल आता. कसली डबी?

धाकटी : गोळ्यांची! मग इतका वेळ काय भिंतीशी बोलत होते मी? बाबा गोळ्या टेबलावरच विसरले. फोनसुद्धा. आणि सकाळी छातीत जळजळतंय म्हणत होते म्हणे.

दादा : मग आईनं सोडलं कशाला?

धाकटी : कसोटीच्या शेवटच्या दिवशी त्यांना कोण अडवणार? तू अडवलं असतंस? तू तर चहाही न घेता निघून गेलास. आईनं आपलं ठरवून टाकलं, रात्रीचं तळलेलं बाधलं असेल.

दादा : आत्ता काय म्हणतेय ती?

धाकटी : ती मजेत आहे. टीव्हीसमोर भाजी निवडत बसलीय. मी म्हटलं, अगं गोळ्या राहिल्यात, तर म्हणते, काही होत नाही त्यांना, जोरजोरात ओरडतायत म्हणजे ठणठणीत आहेत.

दादा : ओरडतायत?

धाकटी : टीव्हीवर ऐकलं तिनं. ते नेहमीचं, 'शाब्बास रे माझ्या वाघा'. जेवणानंतर दोनतीनदा तरी. म्हणते, साऱ्या जगासमोर लाज आणली. पण आतून खुशीत होती.

दादा : हं.

धाकटी : नुसतं हं काय? कुठं आहेत ते?

दादा : असतील कुठंतरी. माझ्याशी बोलले नाहीत सकाळपासून.

धाकटी : अजून रुसवा आहे का? काल जेवताना एवढं काय झालं तुमचं? मी यायच्या आत दोघंही पानावरून उठला होतात.

दादा : काही नाही.

धाकटी : बरं, नको सांगू. अगंबाई, पण केवढी गर्दी आहे रे! बाबा तर म्हणत होते, आता कसोटीला चिटपाखरू येत नाही. समोरचा अख्खा स्टँड भरलाय की.

दादा : कापड आहे ते.

धाकटी : काय?

दादा : कापड. माणसं छापलेलं. रिकाम्या खुर्च्यांवर अंथरलंय. टीव्हीवर लांबून भरल्यासारखं दिसतं. तो स्टँड बंद आहे या मॅचपासून.

धाकटी : शी! तरीच मघापासून काहीतरी खटकत होतं. एकही जण हलत नाही.

दादा : हलतात. वारा आला की. सगळे एकदम.

धाकटी : गप रे. अंगावर काटा आला माझ्या. मग खरी माणसं कुठं आहेत?

दादा : आपल्या खालच्या स्टँडात. जी काही आली ती उठवून कॅमेऱ्यासमोर आणून बसवलीयत.

धाकटी : तेवढीच माणसं एवढा गलका करतायत?

दादा : गलका माझा आहे. ही पट्टी वर केली की चौकार. ही वर केली की विकेट गेल्याची हळहळ. टीव्हीवर जातो आणि आज जेवणानंतर खालच्या स्टँडातल्या भोंग्यांवरही. खेळाडूंनाच हवा असतो. इतक्या शांततेत हात उचलत नाही म्हणतात.

धाकटी : आणि संध्याकाळच्या त्या झटपट मॅचेसना?

दादा : तेव्हा मला काम नसतं. माणसं छप्पर उडवतात. दुसऱ्या दिवशी तीच माणसं विचारतात, कसोटी अजून असते का? पुढच्या वर्षी इथं नसेलच.

धाकटी : नसेल? बाबांना माहीत आहे?

दादा : काल त्यावरूनच तर... थांब, चौकार.

भोंगा : हेऽऽऽ! ...शाब्बास रे माझ्या वाघा!

धाकटी : ऐकलंस? बाबा! हेच ते. आई खोटं बोलत नव्हती. खालीच आहेत, बघ, अगदी आपल्या पायाखाली. चल, मी देऊन येते डबी.

दादा : छोटे, थांब.

धाकटी : का?

दादा : ते आत्ताचं नाही.

धाकटी : म्हणजे?

दादा : रेकॉर्डिंग आहे. मी नोकरीला नवा लागलो होतो तेव्हाचं. तेव्हा कसोटीला तिकीट मिळायची मारामार असायची. गर्दीचा आवाज भरून ठेव म्हणून मला सांगितलं, मी माईक घेऊन बाबांच्याच स्टँडात, समोरच्या त्या, जाऊन बसलो. घड्याळाखाली. ते माझ्या कानाशीच ओरडले. इतकी वर्षं तोच तुकडा लावतोय.

धाकटी : आणि त्यातून बाबांना काढलं नाहीस?

दादा : काढता आलं असतं. नाही काढलं. एवढ्या कोलाहलात एक ओळखीचं माणूस असू दे म्हटलं. खरं सांगू? आता रोज लावून लावून मला ते ऐकूही येत नाही.

धाकटी : म्हणजे आईनं ऐकलं ते...

दादा : हेच.

धाकटी : दादा, मग बाबा कुठं आहेत? खाली आहेत का? नीट बघ ना, या काचेतून दिसतं.

दादा : खाली नाहीत. मी मघाशीच बघितलं.

धाकटी : मघाशी? तू शोधत होतास?

दादा : तू डबी म्हणालीस तेव्हा. काका! काका, ऐकू येतंय का? कोपऱ्याचं गेट?

काका : बोला साहेब. आहे की मी. कुठं जाणार? गेटातून ना कुणी येतंय ना कुणी जातंय, माशा मारतोय नुसता.

दादा : माझे वडील आज तुमच्याकडून आत आले?

काका : आता साहेब, तुम्ही रागावणार. नियमात बसत नाही, स्टँड बंद आहे, मला सगळं ठाऊक आहे. पण माझ्या मिशा फुटल्या नव्हत्या तेव्हापासून त्यांचं तिकीट फाडतोय मी. म्हणाले, मला त्या कॅमेऱ्यासमोर नेऊन बसवू नका, मी काही लग्नातला बँड नाही. माझी जागा घड्याळाखाली. काय करणार? म्हटलं जा, पण कापड विस्कटू नका. तर कड उचलून बरोब्बर आपल्या खुर्चीत जाऊन बसले. एवढ्या छापील माणसांत एकटेच खरे.

धाकटी : आत्ता आहेत का तिथं? काका, मी त्यांची मुलगी बोलतेय.

काका : नाही हो ताई, आता नाहीत. जेवणानंतर खाली गेले मोठ्या स्टँडात. बरं झालं, वर ऊन मी म्हणत होतं.

धाकटी : तुम्ही बघितलं त्यांना जाताना?

काका : बघायला कशाला हवं? आवाज येत होता की तिकडून. वाघा, वाघा चाललं होतं. तो आवाज मी झोपेतसुद्धा ओळखेन. म्हटलं चला, मास्तर सावलीत गेले. मग मी जिन्याच्या दाराला कुलूप घालून टाकलं.

दादा : काका, तो आवाज मी लावलेला होता.

काका : तुम्ही लावलेला म्हणजे?

दादा : कुलूप काढा. वर जा. आत्ता. पळत.

काका : जातो, जातो. अरे देवा. जातो साहेब.

धाकटी : कुलूप, दादा. माणूस आत आणि बाहेरून कुलूप. आणि फोन घरी.

दादा : वरून हाक मारली तरी ऐकू येते. मैदान रिकामं आहे.

धाकटी : ऐकू येते? या गोंगाटात? माझं मलाच नीट ऐकू येत नाहीये. आणि ही कडेची पट्टी अशी चिकटवून का टाकलीय?

दादा : राहू दे ती.

धाकटी : कसली आहे?

दादा : घड्याळाखालचा माईक आहे.

धाकटी : बाबांजवळचा? तो बंद का केलास? दादा, माझ्याकडे बघ. का बंद केलास?

दादा : सकाळी त्यातून टाळी येत होती.

धाकटी : बाबांची?

दादा : मेडन पडली की वाजवतात ना, तशी. एकही रन न देता ओव्हर गेली की सावकाश तीन टाळ्या. षटकाराला काय, कुणीही वाजवतं, म्हणायचे. पूर्वी त्यांचं बघून अख्खा स्टँड वाजवायचा. आज एकटेच वाजवत होते. टीव्हीवाल्यांनी मला सांगितलं, ती एकटी टाळी काढ, तिच्यामुळं मैदान रिकामं वाटतंय. मी काढली.

धाकटी : म्हणजे तुला पहिल्यापासून माहीत होतं ते तिथं आहेत. आणि मला म्हणालास, असतील कुठंतरी.

दादा : राग होता.

धाकटी : कसला एवढा राग? काल काय बोललात?

दादा : त्यांनी विचारलं, कसोटी इथून जाणार हे खरं का? मी म्हटलं, हो. तर म्हणाले, तुझ्या त्या डब्यातल्या आवाजानंच माणसं घालवली. माणसाला कळलं, आपण नसलो तरी चालतं, की तो येत नाही. मला लागलं ते. मी काय, पोटासाठी करतो.

धाकटी : मग?

दादा : मग म्हणाले, उद्या मी येणार, आणि बघू, माझा आवाज पोचतो की नाही.

धाकटी : तू काय म्हणालास?

दादा : म्हटलं, तुमचा आवाज माझ्याकडे आहे बाबा. तुम्ही आला नाहीत तरी चालेल.

धाकटी : दादा!

दादा : माहीत आहे.

धाकटी : बंद कर हे. हा सगळा गलका बंद कर आधी.

दादा : मॅच चालू आहे, मला असं...

धाकटी : बंद कर म्हणते ना! माझे वडील आहेत वर!

दादा : केलं. सगळं बंद केलं. आता फक्त घड्याळाखालचा माईक चालू आहे.

धाकटी : किती शांत आहे रे. ते खेळाडू सगळे इकडंच बघायला लागले.

दादा : काका, कुठवर आलात?

काका : जिना... संपला साहेब. धाप लागली. थांबा हं. कापडच कापड आहे सगळीकडं. दिसले! दिसले साहेब! बसलेत. टोपी डोक्यावर, ताठ, हात मांडीवर. मॅच बघतायत.

धाकटी : हुश्श! जीव भांड्यात पडला. सांगा त्यांना, मुलगी गोळ्या घेऊन आलीय, चांगली बोलणी खाणार आहात म्हणावं.

दादा : हाक मारा त्यांना.

काका : मारतो. अहो मास्तर! मास्तर! ...नाही बघत. ओव्हर चालू आहे ना. चालू ओव्हरमध्ये ते कुणाला ओ देत नाहीत, माहीत आहे ना तुम्हाला? मागं एकदा मी मध्येच बोललो, तर महिनाभर माझ्याशी अबोला.

धाकटी : खरंच की. तसेच आहेत ते. दादा, किती राहिलेत बॉल?

दादा : दोन. या ओव्हरला अजून रन नाही.

धाकटी : मेडन जाईल का?

दादा : बहुतेक. हा टिकून राहायला खेळतोय, मारणार नाही.

धाकटी : मग आत्ता वाजवतील. वाजवतील ना?

दादा : अडवला. एक राहिला.

धाकटी : बाबा, वाजवा हं. तुम्ही म्हणाल ते ऐकेन. वाजवा.

दादा : सोडला. बॉल सोडला त्यानं. मेडन.

धाकटी : पट्टी वर कर ना अजून.

दादा : पूर्ण वर आहे.

धाकटी : मग हे टक टक काय ऐकू येतंय?

दादा : घड्याळ आहे ते.

धाकटी : काका, वाजवली का हो त्यांनी? इथं नीट ऐकू येत नाहीये. काका!

काका : साहेब... तुम्ही या जरा वर. ताईंना आणू नका.

धाकटी : का आणू नका? मी येणार. दादा, मी येणार... थांब. आईचा फोन.

दादा : घे.

धाकटी : मी काय बोलू तिच्याशी?

दादा : घे तू. नाही घेतलास तर घाबरेल.

धाकटी : हं आई. हो, पोचले. हो, दादाजवळच आहे. दादा, ती विचारतेय, टीव्ही एकदम गप्प का झाला? म्हणते, बाबांचा आवाज येईना.

दादा : सांग तिला, आत्ता लावतो.