टेकडीवरचा डबा

रहाटणीच्या बसथांब्यावर माझ्या पुढे दोघे उभे होते. एकाच्या उजव्या हाताला बँडेज होतं.

"ज्योतीराम, रविवारी टेकडीवर गेलो होतो. तू लपवलेला डबा उघडून बघितला."

"राहू दे, रविराज. कारखान्यात प्रेस मशीनखाली दोन बोटं गेली. आता शिक्के कोण कोरणार?"

"ऐक तर भावा. डब्यातल्या वहीत सतरा नवे शिक्के आहेत. लोक तू नेटवर टाकलेल्या चिठ्ठीतल्या खुणांवरून डबा शोधतात, आपला शिक्का त्या वहीत मारतात, तू कोरलेला शिक्का आपल्या वहीत उमटवून नेतात."

"सतरा?"

"हिंजवडीच्या कुणा अनुयानं लिहिलंय, या शहरात माझं कोणीच नव्हतं, तुमचे डबे शोधता शोधता चार मैत्रिणी मिळाल्या. पुढचा डबा कधी, असंही विचारलंय."

"मग तू काय लिहिलंस?"

"काहीच नाही. वही तुझी आहे राव, उत्तर तूच लिही."

बस आली तसा रविराज पुढे सरकला, पण ज्योतीरामनं त्याला अडवलं.

"थांब, ही जाऊ दे. समोरच्या दुकानातून शिक्का कोरायला खोडरबर घेऊ."

"एक?"

"चार-पाच घे. डाव्या हातानं पहिले बिघडणारच."