पट्टी काढल्यावर

कराडला डोळ्यांच्या दवाखान्यात माझ्या शेजारी लालासाहेब आणि त्यांच्या पत्नी चंद्राबाई बसले होते. चंद्राबाईंचं मोतीबिंदूचं ऑपरेशन गेल्या महिन्यात झालं होतं. आज लालासाहेबांचं होतं.

"आवं, तुमी एवढं म्हातारं कवा झालासा?"

"सावकाश झालो. तुला दिसत नव्हतं."

"आन् मी? आरशात बघितलं तर सासूबाईच उभ्या."

"मला न्हाई तसं वाटत."

"तुमाला दिसतंय कुठं? काल म्हशीला 'या पाव्हणं' म्हणालासा."

"म्हणून तर आलोय."

चंद्राबाईंनी कपाळावर आलेले पांढरे केस पदराखाली सारले.

"दिवाळीनंतर केलं तर न्हाई का चालायचं?"

"का?"

"आजवर मी तुमाला बरी दिसत हुते. उद्या पट्टी काढल्यावर काय दिसंल?"

"मला चांगलं दिसत हुतं, तवाच तू म्हातारी झालीस."

"कवा?"

"शिवांजलीच्या लग्नात. लेकीच्या मांडवात बसली हुतीस, तवा बघितलं."

"आन् बोलला न्हाईसा?"

"बोलण्यासारखं काय हुतं? बघत बसलो."

नर्सनं लालासाहेबांचं नाव पुकारलं. चंद्राबाईंनी त्यांना हाताला धरून दारापर्यंत नेलं.

"आवं, दोन्ही डोळ्यांचं एकदम करत्यात का, तेवढं विचारा."