तळ्याकाठी एक वार, दोन वार

...आणि वर म्हणे कुजबुजायचंसुद्धा नाही! तुम्हाला सांगतो, भाजीबाजारात लिलाव पुकारण्यात माझं आयुष्य गेलंय, माझं कुजबुजणं पलीकडच्या गल्लीत ऐकू जातं, तो माझा दोष आहे का? पण त्या तळ्यावर फाटकापासून पाट्याच पाट्या, बोलू नका, पळू नका, पाखरांना त्रास देऊ नका... अहो, मग माणसानं करमणुकीला येऊन करायचं काय, श्वास घ्यायचा? तोही बेतानं. पण मुलीचा बाप मी, काय बोलणार?

झालं असं की, आमच्या मुलीनं आपलं आपण जमवलं, मुलगा गुणी, त्याची आई राजी, घोडं अडलं ते त्याच्या वडिलांपाशी. गृहस्थ पक्षीवेडे. हो म्हणेनात, नाही म्हणेनात, नुसतं म्हणाले, "रविवारी सकाळी तळ्यावर या. माणूस कसा बसतो, त्यावरून मला तो कळतो." ऐकलंत? लोक घरदार बघतात, हे बसणं बघणार. निघताना मुलगी दारात उभी, डोळे भरलेले, "बाबा, आजचा एक दिवस तोंड उघडू नका ना." बायको म्हणाली, "उघडलंच तर त्यात बिस्कीट घाला." पोरीला स्वतःच्या बापाच्या आवाजाची धास्ती वाटावी?

तर तळ्याकाठी एक लाकडी खोपटं. भिंतीला डोळ्यांपुरती फट, बसायला फळी, तीही अशी अरुंद की निम्मा मी बसलेला, निम्मा अधांतरी. शेजारी होऊ घातलेले व्याही, दुर्बीण डोळ्याला लावून. माझ्या नाकावर डास बसला, तोही त्यांच्याच तळ्याचा, मारायचा कसा? समोर बदकं, बदकांच्या मागे बदकं. व्याही पुटपुटले, "या लव्हाळ्यात एक तपकिरी बगळा राहतो. फार लाजरा. इतकी वर्षं येतोय, अजून दिसला नाही." मी मान हलवली. त्यांनी कपाळाला आठी घातली, मान हळू हलवा म्हणून. मुलीचा बाप मी, काय बोलणार?

तेवढ्यात लव्हाळं हललं. आता बोलायची तर बंदी, म्हणून व्याह्यांनी एक बोट हळूच वर केलं. तुम्हीच सांगा, समोर बोट वर गेलं की लिलाव पुकारणाऱ्याच्या तोंडून काय निघणार? मी ताडकन उठलो आणि पुकारलं, "एक वाऽऽर!" अख्खं तळं उडालं. बदकं उडाली, बगळे उडाले, ज्यांना मी इतका वेळ दगड समजत होतो तेसुद्धा उडाले. आणि हे तोंड, एकदा सुटलं की थांबतंय कुठं... "दोन वाऽऽर!" तिसऱ्याला समोर पाखरू उरलं नव्हतं. मी मटकन खाली बसलो. म्हटलं, मोडलं. पोरीचं लग्न बापानं भर तळ्यावर पुकारून मोडलं. आता घरी कोणत्या तोंडानं जाऊ?

तोच व्याह्यांनी माझा हात घट्ट धरला, दुर्बिणीच्या काचा ओल्या... "दिसला हो. डोक्यावरून गेला. तपकिरी." लग्न तिथंच, त्या फळीवर ठरलं.

सुटलो म्हणता? छे हो. आता दर रविवारी सकाळी फोन, "व्याही, येताय ना?" कारण त्यांची एक लाजरी पाणकोंबडी बघायची राहिलीय. स्वतः ओरडणं त्यांच्या तत्त्वात बसत नाही. ते फक्त बोट वर करतात. मी ओरडतो, तळं उडतं, ते डोळे भरून बघून घेतात, आणि राखणदार धावत आला की हात जोडून अगदी मऊ आवाजात त्याला सांगतात, "माफ करा हो, आमच्या व्याह्यांना निसर्गातलं काही कळत नाही."

आणि मी मुकाट्यानं मान डोलावतो.