बटणवाल्या बाईंची चौकशी

व्हिसा कचेरीत निवृत्त पोस्टमास्तर फाइल मांडीवर घेऊन बसले होते, पण त्यांचे कान मागच्या बाकावरच्या मायलेकींकडे लागले होते.

“धंदा शिकायला परदेशी कशाला गं? आपलं बटणांचं दुकान आहे की घरचं.”

“आई, हळू बोल.”

“बरं, शिकवतात तरी काय तिथे?”

“आधी गिऱ्हाइकाचं मन ओळखायला शिकवतात.”

“ते मला त्याने बटणांचा डबा उघडायला सांगितला की कळतं. ते शिकायला किती दिवस?”

“सहा महिने.”

“अगंबाई! आणि मग?”

“मग हाताखालची माणसं कशी सांभाळायची, ते.”

“हे मात्र मला कधी जमलं नाही. माझ्या तोंडापायी दोन नोकर गेले.”

“चार.”

“चार तर चार. तेवढं मला फोनवर शिकवशील?”

“तू ऐकशील माझं?”

“वही घेऊन बसेन. तू गेल्यावर कुणाला तरी ठेवावं लागेल गं, आणि ते टिकायलाही हवं.”

तेवढ्यात मुलीचा नंबर पुकारला गेला.

“आई, मी जाऊ ना?”

“नंबर पुकारल्यावर विचारतेस? ऊठ. आणि आत ताठ बस.”

मुलगी काचेच्या दारातून आत गेली. मग पोस्टमास्तरांच्या खांद्यामागून आवाज आला.

“भाऊ, तुम्ही सगळं ऐकत होतात ना?”

पोस्टमास्तर ओशाळले. “कानावर आलं, ताई.”

“असू दे. माझा आवाज कुठे कापरा झाला नाही ना?”

“नाही, ताई. अजिबात नाही.”

“मग ठीक आहे,” असं म्हणून त्यांनी पदर डोळ्यांना लावला.