भाभींचं झाकलेलं ताट

भो, यंदाच्या दिवाळीत फराळाची एक वस्तू माझ्या हातची होती! पुतण्यानं परदेशातून मार्शमेलोचं, म्हणजे कापसासारख्या मऊ गोड गोळ्यांचं पाकीट आणलेलं. लेक म्हणाली, "पप्पा, ओव्हन नको, काही नको. हे लोण्यात वितळवा, कॉर्नफ्लेक्स कालवा, थापून वड्या पाडा." वड्या झाल्या झक्कास. मी लगेच शेफारलो. दिवेलागणीला पहिलं ताट शेजारच्या जैन भाभींकडे देऊन आलो.

घरी येतो तर लेक पाकीट वाचतेय. "पप्पा, यात जिलेटिन आहे. जनावरांच्या हाडांपासून करतात ते!"

मी अनवाणीच पळालो. अहो, त्या घरात कांदासुद्धा येत नाही!

"भाभी, वड्या खाल्ल्या का हो?"

"कशा खाणार भाऊ? सूर्य मावळला ना. झाकून ठेवल्यात, सकाळी खाऊ."

संध्याकाळी बोलावलं तर ही मंडळी पाण्याचा घोटही घेत नाहीत, म्हणून मी कायम कुरकुरायचो. त्या दिवशी दारातच पश्चिमेला हात जोडले आणि खरं ते सांगून टाकलं.

भाभी आत जाऊन आल्या. मग ताट माझ्या हातात देत म्हणाल्या, "सांगायला धावत आलात ना भाऊ? आता तुमच्याकडचं डोळे मिटून खाईन. पण दिवसाच हं!"