एका वेळी एकच पाय

सेल्समन : म्हणजे मॅडम, जुन्या गाडीचे तुम्हाला सरळ दोन लाख मिळतायत. एक साठ गाडीचे आणि वर चाळीस हजार एक्सचेंज बोनस. बारा वर्षांच्या गाडीला एवढे कुठेच मिळणार नाहीत.

दीर : ऐकलंत वहिनी? दोन लाख. मी घरी काय सांगत होतो? सही करा आणि मोकळ्या व्हा.

बाई : भाऊजी, आधी तो चहा संपवा. आणि तू रे, मॅडम कधीपासून म्हणायला लागलास? माझ्याकडे गाडी शिकत होतास तेव्हा बाई म्हणायचास.

सेल्समन : ओळखलंत होय. मला वाटलं, एवढ्या लोकांना शिकवलंत, मी कुठला लक्षात असणार.

बाई : रिव्हर्स घेताना क्लासच्या दारातल्या तीन कुंड्या फोडणारा एकच होता. दारातच ओळखलं तुला.

दीर : अरे वा, म्हणजे घरचाच माणूस निघाला. मग तर प्रश्नच मिटला.

बाई : प्रश्न आत्ता सुरू झाला. हा कागद बघ. वर नवी गाडी, मध्ये जुनी, मग बोनस, मग आणखी काहीबाही, आणि शेवटी एकच आकडा. पाच पासष्ट. मला एवढंच सांग, माझ्याकडे जुनी गाडीच नसती, मी बसने आले असते, तर ही नवी मला केवढ्याला दिली असतीस?

सेल्समन : पण आहे ना तुमच्याकडे जुनी.

बाई : नाही असं धर.

सेल्समन : बाई, आम्ही सगळं एकत्रच देतो. वेगळं करून देत नाही. सगळे असंच घेतात.

बाई : पहिल्या आठवड्यात तू काय करायचास आठवतंय? सिग्नल दिसला की दोन्ही पाय एकदम आपटायचास. गाडी थांबायची, पण कशाने थांबली ते तुला कळायचं नाही. मी काय सांगायचे तेव्हा?

सेल्समन : एका वेळी एकच पाय.

बाई : मग हा कागदही तसाच आहे. दोन वेगळे कर. एकावर नुसती नवी, दुसऱ्यावर नुसती जुनी.

दीर : अहो वहिनी, किती ताणायचं ते. इतकं चकाचक दुकान, आजूबाजूला चांगले लोक बसलेत. काय म्हणतील?

बाई : तुमचे भाऊ गेले आणि मी ही गाडी घेतली, तेव्हाही तुम्ही हेच म्हणाला होतात, लोक काय म्हणतील. त्याच लोकांच्या बायका माझ्याकडे शिकल्या. तुमची सूनसुद्धा.

दीर : ते खरं आहे म्हणा.

सेल्समन : मी साहेबांना विचारून येतो.

बाई : ये विचारून. आणि जाता जाता दारावरचा तुमचाच फलक वाच. मी पहिल्या दिवशी फलक वाचायला शिकवते, गाडी नंतर.

(सेल्समन मॅनेजरच्या केबिनमध्ये जाऊन परत येतो.)

सेल्समन : नुसती नवी गाडी म्हणाल तर सात चाळीस.

बाई : फलक.

सेल्समन : वजा तीस हजार सूट. या महिन्यात प्रत्येकाला आहे. म्हणजे सात दहा.

बाई : मग ही सूट माझ्या कागदावर का नाही?

सेल्समन : बोनस घेतला की सूट मिळत नाही.

बाई : आणि हे खाली पंचवीस हजार कसले धरलेत?

सेल्समन : सीट कव्हर, मॅट, रंगावर कोटिंग. एक्सचेंजबरोबर घ्यावंच लागतं ते.

बाई : शिकाऊ लोकांच्या गाडीला कोटिंग. भाऊजी, तुम्ही तीस वर्षं गोदामाचा हिशेब सांभाळलात. सात दहातून पाच पासष्ट वजा करा बघू.

दीर : त्याला काय कॅल्क्युलेटर लागतो? एक पंचेचाळीस.

बाई : म्हणजे माझी जुनी गाडी केवढ्याला गेली?

दीर : थांबा, परत करतो. सात दहा, पाच पासष्ट. एक पंचेचाळीसच येतायत. अरे, मग ते दोन लाख कुठे आहेत?

सेल्समन : ते कागदावर आहेत, काका.

दीर : काका म्हणू नकोस मला.

बाई : आमच्या गल्लीतला मेकॅनिक एक ऐंशी देतोय, आणि तो गाडीचा प्रत्येक नट ओळखतो. पस्तीस हजारांचा फरक झाला. पस्तीस हजार म्हणजे सात बायकांची फी. एकेकीला महिनाभर शेजारी बसवायचं, तिने भर चौकात गाडी बंद पाडली तरी आपण शांत राहायचं, मागून हॉर्न वाजवणाऱ्यांच्या शिव्या खायच्या. ते पैसे मी तुमच्या मॅटखाली नाही सरकवणार.

सेल्समन : माझ्या हातात नाही हो हे. महिन्याला दहा एक्सचेंज करून द्यावेच लागतात. आठ झालेत, महिना संपत आला.

बाई : ते कळतंय मला. पण दोन लाख म्हणताना तू माझ्याकडे बघत नव्हतास, टेबलाकडे बघत होतास.

सेल्समन : नाही बघवलं.

बाई : मग ऐक. नवी गाडी मी घेणार, आणि तुझ्याच हातून घेणार. सात दहा, सीट कव्हर नको, मॅट नको. तसा कागद कर, त्यावर सही आणि शिक्का दे. जुनी मी मला हवी तिथे विकेन. दे तिची चावी.

सेल्समन : चावी साहेबांकडे आहे. तपासणीला घेतली होती ना. ते म्हणाले, त्यांना जरा बसव, दहा हजार वाढवून बघू.

दीर : म्हणजे चावी अडकवून ठेवलीय? वहिनी, मी जातो आत. गोदामात असले लई सरळ केलेत मी.

बाई : बसा भाऊजी. मघाशी सही करा म्हणत होतात, आता भांडायला निघालात. गाडी शिकवणारीचं सगळं दोन-दोन असतं. ब्रेक दोन, क्लच दोन. आणि रोज कोणी ना कोणी चावी आत ठेवून दार लावतं, म्हणून चावीही दोन. ही बघा, पर्समध्येच असते. साहेबांना म्हणावं, त्यांच्याकडची राहू दे आठवण म्हणून. उद्या कुलपं बदलून घेते.

सेल्समन : बाई, पण गाडी निघायची नाही. पुढे डेमोची गाडी आडवी लावलीय आणि तिचीही चावी आतच आहे. मागे दोन खांबांमधून वाट आहे, पण फार अरुंद.

बाई : रिव्हर्सने निघेल. आधी सही कर.

सेल्समन : साहेब ओरडतील.

बाई : ओरडतील. फलकावर लिहिलेली किंमत दिलीस म्हणून किती वेळ ओरडतील? कर.

सेल्समन : हा घ्या. शिक्काही मारलाय.

दीर : द्या इकडे, वाचून बघतो. सात दहा. बरोबर आहे. वहिनी, हा माझ्या खिशात ठेवतो, तुमच्या पर्समध्ये चुरगळेल.

बाई : ठेवा. चला बाहेर. तुम्ही गाडीमागच्या त्या डाव्या खांबापाशी उभे राहा. चल रे, चालवायला तू बस.

सेल्समन : मी? तुम्हीच काढा ना, तुम्हाला एका झटक्यात जमेल.

बाई : मला जमतंच. तुझं राहिलं होतं. परीक्षा पास झालास, पण तुझं रिव्हर्स मला कधी पटलं नाही. बस. मी इकडे ब्रेकवर आहे.

सेल्समन : सीट अजून तशीच पुढे ओढलेली आहे.

बाई : मागे घे. आधी नुसता क्लच. आता गिअर. हळू सोड, घाई कोणालाच नाही.

सेल्समन : बाई, साहेब काचेतून बघतायत.

बाई : बघू देत. तू आरशात बघ.